जुन्या लहान मोटारीचा ब्रेक

मोटारीच्या ब्रेकवर एका निवृत्त शाळामास्तरानें भाषण करावें, हें आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालेलें. जन्म गेला खडू आणि फळा यांच्या सहवासांत. आणि माझें स्वतःचें वाहन म्हणाल तर सायकल. परंतु शाळेंत शास्त्राचा तास घेतांना घर्षण, दाब आणि उष्णता हे तीन धडे मीं वर्षानुवर्षें शिकविले, आणि मोटारीचा ब्रेक म्हणजे या तीन धड्यांचें एकत्र मांडलेलें उदाहरण होय. अलीकडे जुन्या लहान मोटारी जपण्याची हौस आपल्याकडे बरीच दिसते. वडिलांनीं घेतलेली गाडी मुलगा मोडींत काढीत नाहीं, तिला रंग देतो, गाद्या शिवतो, आणि मग कोणीतरी सुचवितें कीं, "आतां हिचा ब्रेकहि नव्या पद्धतीचा करून घ्या." ही सूचना चांगली कीं वाईट, याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. ब्रेक सुधारण्यापूर्वीं तो समजून घ्यावा, आणि कांहीं नवें बसविण्यापूर्वीं जुनें मूळच्या स्थितीस आणावें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे. पण एवढ्याशा गोष्टीवर कधीं कधीं सबंध कुटुंबाचा जीव अवलंबून असतो, म्हणून ती जरा विस्तारानें सांगतों.

बोलण्यास आधार म्हणून आपण एक मोटार डोळ्यांपुढें ठेवूं. मुंबईंत कुर्ला येथील प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यांतून 1964 सालापासून फियाट 1100 डिलाइट नांवाची मोटार निघूं लागली. पुढें तिचें नांव प्रेसिडेंट झालें आणि 1974 पासून ती पद्मिनी म्हणून प्रसिद्धीस आली. 1089 घन सेंटिमीटरचें इंजिन, सुमारें 900 किलो वजन, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर बदलण्याची सोय, असें तिचें रूप. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तर ती घराघरांत माहीत झाली. पद्मिनी जातीची शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजीं नोंदली गेली होती. तिची 20 वर्षांची मुदत संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून टॅक्सी म्हणून पद्मिनीनें मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. खाजगी मालकांच्या दारांत मात्र ती अजून उभी असलेली दिसते. या मोटारीच्या चारी चाकांस ड्रमचे ब्रेक असून ते तेलाच्या दाबानें चालतात.

आतां पहिला प्रश्न असा कीं, ब्रेक करतो काय? मुलें चटकन् उत्तर देत, "गाडी थांबवितो." उत्तर खरें, पण अपुरें. धांवणाऱ्या गाडीच्या अंगीं जी शक्ति असते ती नाहींशी होऊं शकत नाहीं. तिचें केवळ रूपांतर होतें. ब्रेक हें त्या शक्तीची उष्णता बनविणारें यंत्र आहे. माणसें आणि सामान धरून आपल्या गाडीचें वजन 1200 किलो समजूं. ताशीं 60 किलोमीटर वेगानें जातांना तिच्या अंगीं सुमारें 1 लाख 67 हजार जूल इतकी शक्ति असते. एवढ्या उष्णतेनें अर्धा लिटर पाणी 20 अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. म्हणजे साठाच्या वेगांतून एकदां थांबलें कीं चार माणसांच्या चहाचें आधण आपण चार ड्रमांत ओतलें असें समजावें. वेग निम्मा केला तर ही उष्णता निम्मी न होतां चौथाई होते, आणि साठाचा वेग ऐंशीं केला तर ती जवळजवळ पावणेदोनपट होते. कारण शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वर्ग हा शब्द मुलांना बीजगणितांत रुक्ष वाटतो. रस्त्यावर तो फार बोलका आहे.

आतां हीच गाडी खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीकडे निघाली आहे असें समजूं. उंची 500 मीटर धरली तरी उतरतांना तिला जवळजवळ 59 लाख जूल इतकी शक्ति कोठें तरी टाकावी लागते. साठाच्या वेगांतून लागोपाठ 35 वेळां थांबण्याइतकी ही उष्णता आहे. साडेसतरा लिटर पाण्याला ती उकळीपर्यंत नेईल. यांतील कांहीं भाग वारा घेतो. गाडी खालच्या गिअरमध्यें असेल तर मोठा भाग इंजिन घेतें. परंतु चालकानें पेट्रोल वांचविण्याच्या लोभानें गिअर सोडला, तर जवळजवळ सारा भार चार ड्रमांवर येतो. लोखंडी ड्रम मग हात लावूं न देण्याइतका तापतो आणि तापल्यानें त्याचा व्यास वाढतो. म्हणजे ज्या भिंतीवर ब्रेकच्या शूंनीं घासावयाचें, ती भिंतच त्यांच्यापासून दूर सरते. शिवाय शूवरील लायनर एका मर्यादेपलीकडे तापला कीं त्याची पकड कमी होते. पॅडल पायाला घट्ट लागतें, पण गाडी थांबत नाहीं. याला आपले चालक "ब्रेक गरम झाला" म्हणतात, आणि तें अक्षरशः खरें असतें.

दुसरा धडा दाबाचा. सतराव्या शतकांत पास्कल या फ्रेंच पंडितानें असा नियम सांगितला कीं, बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोहोंचतो. 1921 सालच्या अमेरिकन ड्यूसेनबर्ग मोटारीपासून चारी चाकांचे ब्रेक या नियमावर चालूं लागले. आपण पॅडलवर 20 किलोचा भार दिला आणि पॅडलच्या तरफेनें तो पांचपट केला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर 100 किलो भार येतो. त्या दट्ट्याचें क्षेत्रफळ अडीच चौरस सेंटिमीटर असेल तर तेलांत दर चौरस सेंटिमीटरला 40 किलो दाब उत्पन्न होईल. चाकांतील सिलिंडरचा दट्ट्या 4 चौरस सेंटिमीटरचा असेल, तर तो शूला 160 किलो जोरानें ढकलील. आतां एखाद्या हौशी माणसानें "मोठा सिलिंडर म्हणजे मोठा ब्रेक" असें समजून मास्टर सिलिंडर 4 चौरस सेंटिमीटरचा बसविला, तर काय होईल? तेच 100 किलो आतां 4 चौरस सेंटिमीटरांवर पसरतील, दाब 25 वर येईल, आणि शूवरील जोर 160 वरून 100 वर उतरेल. पॅडल थोडें दाबतांच घट्ट लागेल आणि मालक खूष होईल. पण गाडी पूर्वींपेक्षां उशिरां थांबेल! याउलट मास्टर सिलिंडर लहान केला तर जोर वाढेल, परंतु पुरेसें तेल ढकलण्यासाठीं पॅडल फार खोल जाईल. जोर आणि अंतर यांचा हा सौदा निसर्गानें ठरविलेला आहे. त्यांत सवलत मिळत नाहीं.

तिसरा धडा घर्षणाचा. ड्रमच्या आंत अर्धचंद्राकार दोन शू असतात. चाक पुढें फिरूं लागलें म्हणजे एका शूला घर्षणच ड्रमकडे अधिक ओढून घेतें. त्याला अग्रगामी शू म्हणूं. दुसऱ्याला तेंच घर्षण ड्रमपासून दूर लोटतें, तो अनुगामी. अग्रगामी शू पायाच्या जोराला फुकटची मदत करतो. म्हणूनच जुन्या लहान मोटारी बूस्टरवांचून केवळ पायाच्या जोरावर थांबूं शकत. मात्र या मदतीला एक दोष आहे. लायनर जरासा ओला झाला, तेलकट झाला किंवा तापला, तर त्याचा परिणामहि दुप्पट-तिप्पट होऊन दिसतो आणि गाडी एका बाजूला ओढूं लागते.

हें सारें पुस्तकी वाटेल, म्हणून एक हकीकत सांगतों. माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याच्या वडिलांची पद्मिनी त्यानें मोठ्या मायेनें नीट करून घेतली. गणपतीला आई, बायको आणि दोन मुलें यांना घेऊन याच गाडीनें घाट उतरून कोंकणांत जाण्याचा त्याचा बेत होता. परंतु ब्रेक दाबला कीं गाडी डावीकडे ओढे, आणि दुसऱ्यांदा दाबल्याखेरीज पॅडल वर येत नसे. एका परिचितानें त्याला मोडींत निघालेल्या एका नव्या गाडीचे पुढचे डिस्क ब्रेक आणि बूस्टर स्वस्तांत देऊं केले. तो मला म्हणाला, "गुरुजी, जुनें तें जुनेंच. सरळ नवें बसवितों, म्हणजे निर्धास्त." मीं त्याला आमच्या पेठेंतील एका वृद्ध मिस्त्रीकडे नेलें. मिस्त्रीनें गाडी दहा पावलें चालविली, थांबविली आणि म्हटलें, "मास्तर, नवा ब्रेक बसवायला चार दिवस लागतील. जुना बघायला एक दुपार पुरे. आधीं ती दुपार मला द्या."

त्या दुपारीं काय काय निघालें तें ऐकण्यासारखें आहे. पुढील उजव्या चाकाकडे जाणारी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसत होती. आंतून मात्र ती सुजून जवळजवळ बंद झाली होती. त्यामुळें उजव्या चाकाला दाब उशिरां पोहोंचे आणि गाडी डावीकडे ओढे. मागील एका चाकांत ॲक्सलचें तेल झिरपून लायनर भिजला होता. शू आणि ड्रम यांच्यांतील फट कित्येक महिन्यांत कोणीं जुळविली नव्हती, म्हणून पहिल्या दाबांत पॅडल खोल जाई. आणि ब्रेक ऑईल काळ्या चहासारखें झालें होतें. आतां विचार करा. या गाडीला पुढें नवे डिस्क बसविले असते, तर उजवी नळी कदाचित् बदलली गेली असती. परंतु मागचा तेलकट लायनर आणि तें काळें ऑईल तसेंच राहिलें असतें, आणि नव्या डिस्कच्या भरंवशावर गाडी पूर्वींपेक्षां जोरांत हांकली गेली असती. दोष होता देखभालीचा, आणि शिक्षा होणार होती रचनेला!

म्हणून सुधारणेची पहिली पायरी म्हणजे परीक्षा. ती प्रत्येक मालकास करतां येण्यासारखी आहे. गाडी उभी असतांना पॅडल दाबून अर्धा मिनिट तसेंच धरावें. तें हळूहळू खालीं जात असेल, तर तेल कोठें तरी गळतें आहे किंवा मास्टर सिलिंडरचें रबर झिजलें आहे. पॅडल स्पंजासारखें लागत असेल तर नळ्यांत हवा शिरली आहे. कारण हवा दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. दोनतीनदां पंप मारल्यावर पॅडल वर येत असेल, तर शूंची फट जुळविली पाहिजे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोष एकाच बाजूला शोधावा. आणि जिकडे ओढते त्याच्या विरुद्ध बाजूचें चाक बहुधा अपराधी असतें. ड्रमला आंतून चरे पडले तर तो लेथवर घांसतां येतो, परंतु त्यालाहि मर्यादा आहे. वारंवार घांसून पातळ झालेला ड्रम लवकर तापतो आणि चिरकतो. येथें एक इशारा देणें मी माझें कर्तव्य समजतों. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुफ्फुसांना अत्यंत घातक आहे. ड्रम उघडल्यावर ती फुंकून किंवा हवेच्या पंपानें उडवूं नये. ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी आणि तें फडकें बंद करून टाकून द्यावें.

ब्रेक ऑईलविषयीं दोन शब्द. नांवांत ऑईल असलें तरी तें इंजिनचें तेल नव्हे. चुकून इंजिनचें तेल ओतलें तर सिलिंडरांतील रबरें फुगतात आणि सारी यंत्रणा निकामी होते. खरें ब्रेक ऑईल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि आपल्या कोंकणपट्टीच्या दमट हवेंत तें काम फार लवकर होतें. डॉट 3 जातीचें कोरें ऑईल 205 अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओल शोषलेलें तेंच ऑईल 140 अंशांवर उकळूं शकतें. डॉट 4 साठीं हे आंकडे 230 आणि 155 आहेत. घाटांत चाकांजवळचें ऑईल उकळलें कीं त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पॅडल एकाएकीं तळाला जाऊन बसतें. ब्रेक गरम होण्यापेक्षां हा प्रकार अधिक भयंकर, कारण येथें पायाला कांहींच लागत नाहीं. दर दोन वर्षांनीं ऑईल बदलणें ही जुन्या मोटारीची सर्वांत स्वस्त सुधारणा होय.

दुसरी पायरी सुरक्षिततेची. पुष्कळ जुन्या मोटारींत मास्टर सिलिंडरमधून चारी चाकांस तेलाचा एकच मार्ग असतो. त्यांतील एक नळी फुटली कीं चारी ब्रेक एकदम जातात आणि हातांत केवळ हँडब्रेक उरतो. याला उपाय म्हणून दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर निघाला. एक मार्ग फुटला तरी दुसरा चालतो, पॅडल खोल जातें, पण गाडी थांबते. अमेरिकेनें 1 जानेवारी 1968 पासून प्रवासी मोटारींना ही व्यवस्था सक्तीची केली. जुन्या मोटारीवर पैसे खर्चावयाचेच असतील, तर डिस्कच्या आधीं ते येथें खर्चावे, असें माझें स्पष्ट मत आहे. मात्र नवा सिलिंडर निवडतांना क्षेत्रफळाचा मघांचा हिशेब विसरूं नये.

तिसरी पायरी बूस्टरची. इंजिन हवा ओढून घेतांना जी पोकळी निर्माण होते, तिच्या बळावर बूस्टर पायाला मदत करतो. वृद्धांना किंवा ज्यांच्या पायांत जोर नाहीं त्यांना ही मोठी सोय आहे. परंतु दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. बूस्टर पायाचे श्रम वांचवितो; ड्रमची उष्णता पचविण्याची शक्ति तो तिळमात्र वाढवीत नाहीं. घाटांत तापलेला ब्रेक बूस्टर लावल्यानें थंड होत नाहीं. आणि उतारावर इंजिन बंद केलें, तर सांठलेल्या पोकळीवर एकदोन वेळां मदत मिळून बूस्टर थकतो. मग पॅडल दगडासारखें कठीण लागतें. बूस्टरवाल्या गाडीचें इंजिन उतारावर बंद करणें हा जिवाशीं खेळ आहे.

आतां डिस्क. उघड्या फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनीं पॅड चिमटीत धरतात. चकतीला वारा लागतो म्हणून ती लवकर निवते. पाणी पडलें तर तें झटकलें जातें. आणि तापून फुगली तर ती पॅडांपासून दूर न जातां त्यांच्याचकडे येते. हे गुण निर्विवाद आहेत. परंतु अग्रगामी शूची फुकटची मदत येथें नाहीं, म्हणून दाब पुष्कळ जास्त लागतो. शिवाय चकती केवढी असावी, हें चाकाच्या आकारावर ठरतें, आणि लहान मोटारीची खरी अडचण हीच आहे.

या बाबतींत इंग्लंडमधील मिनी या लहान मोटारीचा इतिहास बोधप्रद आहे, कारण तेथें सुधारणा खुद्द कारखान्यानें पायरीपायरीनें केल्या. ॲलेक इसिगोनिस यांनीं आखलेली मिनी 26 ऑगस्ट 1959 रोजीं लोकांपुढें आली. चाकें अवघीं 10 इंची. त्यांत 7 इंची ड्रम. 1961 सालीं कूपर नांवाची अधिक वेगवान मिनी निघाली व तिला पुढें 7 इंची डिस्क दिले गेले. नांव डिस्कचें असलें तरी इतकी लहान चकती त्या वेगाला पुरी पडेना, आणि 1963 सालच्या कूपर एस मोटारीला साडेसात इंची चकत्या व बूस्टर द्यावे लागले. साध्या मिनीला मात्र 1964 सालीं डिस्क न देतां पुढच्या ड्रममधले दोन्ही शू अग्रगामी करण्यांत आले. तेवढ्यानेंहि ब्रेक पुष्कळ सुधारला. या योजनेंत एक उणीव राहते, तीहि सांगितली पाहिजे: गाडी मागें जाऊं लागली कीं तेच दोन्ही शू अनुगामी होतात आणि चढणीवर ब्रेक ढिला लागतो. शेवटीं 1984 सालीं चाकें 12 इंचांचीं झालीं, तेव्हां 8.4 इंची डिस्क सर्वच मिनींना मिळाले. पंचवीस वर्षांच्या या वाटचालीचा अर्थ उघड आहे. डिस्क हा शब्द ब्रेक चांगला करीत नाहीं. चकतीचा आकार, दाब, चाक आणि गाडीचा वेग यांचा मेळ बसला म्हणजे ब्रेक चांगला होतो.

हा मेळ पुढच्या आणि मागच्या चाकांमध्येंहि लागतो. सायकलवरून उतारावर येतांना एकदम ब्रेक दाबला म्हणजे शरीर पुढें झुकतें, हें आपण अनुभविलें असेल. मोटारीचेंहि तसेंच होतें. थांबतांना भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागचीं चाकें हलकीं होतात. हलक्या झालेल्या मागच्या चाकांना जास्त ब्रेक लागला तर तीं जागच्या जागीं आवळलीं जाऊन घसरतात, आणि गाडीचें तोंड मागें फिरतें. म्हणून मिनीच्या कर्त्यांनीं मागच्या चाकांकडील दाब मर्यादेंत ठेवणारी झडप बसविली होती. आपण पुढें डिस्क आणि बूस्टर बसवितों तेव्हां बूस्टरचा वाढीव दाब मागच्या जुन्या ड्रमांनाहि जातो. त्याचा विचार न केल्यास पावसांतल्या रस्त्यावर गाडी गिरकी घेईल. आणखी एक बारीक गोष्ट. कित्येक जुन्या ड्रमच्या यंत्रणेंत नळींत थोडासा दाब कायम राखणारी झडप असते. डिस्कच्या मार्गांत ती तशीच राहिली, तर पॅड चकतीवर सतत घासत राहतात. आणि कॅलिपर धरण्यासाठीं गल्लीतल्या कारखान्यांत वेल्डिंग करून केलेला तुकडा कधींहि वापरूं नये. थांबण्याचा सारा जोर त्या तुकड्यावर येतो. असा बदल करावयाचाच असेल, तर त्याच गाडीसाठीं तयार केलेले, एकमेकांशीं जुळणारे भाग आणि जाणता कारागीर हवा. मोटार वाहन कायदा 1988 मधील 52 वें कलम मोटारींतील फेरबदलांविषयीं आहे. तेव्हां काम सुरू करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घेणें शहाणपणाचें.

एवढें करूनहि शेवटचा न्यायाधीश रस्ता आणि टायर हाच असतो. चाक आवळण्याइतका जोर ब्रेकमध्यें आला म्हणजे त्यापुढें कितीहि महाग ब्रेक लावला तरी पकड टायरचीच. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची पकड वजनाच्या सात दशांश धरली, तर साठाच्या वेगांतून गाडी सुमारें 20 मीटरांत थांबेल. ओल्या रस्त्यावर ती पकड चार दशांश झाली तर सुमारें 35 मीटर लागतील. यांत पाय पॅडलवर पोहोंचण्यास लागणारा एक सेकंद धरलेला नाहीं. त्या एका सेकंदांतच गाडी जवळजवळ 17 मीटर पुढें जाते. कांहीं वर्षें पडून राहिलेल्या गाडीचा टायर नक्षीनें नवा दिसला तरी त्याचें रबर कठीण झालेलें असतें. डिस्कवर पैसे खर्चून टायर तसेच ठेवणें म्हणजे घराला पोलादी दार लावून भिंत कुडाची ठेवण्यासारखें आहे.

माझ्या विद्यार्थ्यानें त्या वर्षीं डिस्क घेतले नाहींत. नव्या नळ्या, नवे लायनर, नवें ऑईल, नवे टायर आणि पुढें दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर, एवढ्यावर त्यानें समाधान मानलें. गाडी सरळ थांबूं लागली, आणि गणपतीला मंडळी सुखरूप कोंकणांत पोहोंचलीं. उद्यां त्यानें विचारपूर्वक डिस्क बसविले, तरी माझी हरकत नाहीं. कारण आतां त्याला आपली गाडी समजली आहे.

श्रोतेहो, जुन्या मोटारीचे कर्ते अडाणी नव्हते. त्या काळच्या वेगाला, त्या काळच्या रस्त्यांना आणि त्या चाकांना जुळेल असा हिशेब त्यांनीं केला होता. आज रस्ते रुंद झाले, आजूबाजूच्या गाड्या वेगवान झाल्या, आणि पुढची नवी गाडी आपल्यापेक्षां लवकर थांबते. तेव्हां जुन्या गाडीच्या मालकानें दोन कामें करावीं. पुढील गाडीपासून अंतर दुप्पट ठेवावें. आणि ज्या गिअरमध्यें घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्यें तो उतरावा. यांना पैसा लागत नाहीं, सुटे भाग लागत नाहींत, आणि कोणाची परवानगीहि लागत नाहीं. बाकीच्या सुधारणा यांच्या पाठोपाठ याव्या.